आपाला न सापडलेला खडा

गुरुवारी दुपारी अकोल्याहून आपाचा फोन आला.

"बाई, तीनदा वाचला तुहा प्रोग्राम. खडा काही सापडला नाई. कुठं ठेवला सांगून टाक. हारली मी."

इतक्या वर्षांत आपा हरल्याचं मला आठवत नाही. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. कुलरसमोरून जाताना लागतो तेवढा गारवा, घडीभर. मग खडा कुठे आहे ते सांगायला मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की ते मलाही आठवत नाहीये.

"बाई? हाय ना लाइनवर?"

"आहे. नंतर करते गं फोन, दूध उतू चाललंय," असं म्हणून मी ठेवून दिला. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

हे खड्याचं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. मी अमरावतीत घरी बसून प्रोग्राम लिहिते. लिहिते म्हणजे पूर्वी लिहायची. आता बहुतेक जुन्यांची डागडुजी. आपा अकोल्यात तेच करते. तिनं कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या वजनकाट्यापासून सुरुवात केली, मी शाळांच्या हजेरीपासून. दोघींच्या डोक्यावर साहेब नाही, शेजारच्या खुर्चीत कुणी नाही. ऐकायला हे फार बरं वाटतं. पण एकट्यानं लिहिणाऱ्याचं एक दुखणं असतं, त्याला आपलंच लिहिलेलं वाचता येत नाही. डोळे ओळीवरून फिरतात, पण दिसतं ते जे लिहायचं मनात होतं ते. कागदावर काय उतरलंय ते दुसऱ्यालाच दिसतं. भाजीत मीठ विसरलं की रांधणारीच्या आधी पाहुण्याच्या तोंडावर कळतं ना, तसं.

तिशीतल्या त्या बाईला, म्हणजे तेव्हाच्या मला, हे कुणी सांगितलं असतं, तर तिनं नाक मुरडलं असतं. आमच्या गल्लीत पहिला कंप्युटर माझ्याकडे आला. त्याच्या खोलीत चपला घालून यायची बंदी होती. त्याच्यावर मी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण होतं, आणि दसऱ्याला त्या झाकणावरच हळदकुंकू. लोक मला 'कंप्युटरवाल्या बाई' म्हणत आणि मी मान अशी धरायची की जणू तो कंप्युटर मीच भातकुली गावच्या शेतात पेरून, निंदून, काढून आणलाय. आपल्या प्रोग्रामात चूक असू शकते हा विचारच त्या बाईला शिवला नव्हता. एवढ्या इस्तरीच्या साडीत चूक कुठून शिरणार?

ज्यानं आम्हा दोघींना कंप्युटर विकले, तो व्यापारी एकदा म्हणाला, "अकोल्यातबी एक बाई हाय, तुमच्यासारखंच करते." तुमच्यासारखंच! मी दुसऱ्याच आठवड्यात शाळेच्या हजेरीचा माझा प्रोग्राम भल्या मोठ्या भोकाभोकांच्या कागदावर छापला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि एस.टी.नं अकोल्याला गेले. शिकायला नाही, दाखवायला.

आपानं चहा दिला. माझ्याहून दोनचार वर्षांनी मोठी, डोक्यावर ओढणी, कानामागे पेन्सिल. कागद मांडीवर पसरून ती एकेक ओळ वाचत गेली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत तिच्या कौतुकाची वाट बघत बसले. वाचून झाल्यावर तिनं कागदाच्या घड्या जशाच्या तशा घातल्या.

"छान हाय," ती म्हणाली. "पण तुमच्या अमरावतीत फेब्रुवारी तीस दिवसाचा असते काय वो?"

आता माणसानं काय म्हणावं? 'अगबाई, राहिलंच' म्हणावं, चहा प्यावा, घरी जाऊन दुरुस्त करावं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तो मी मुद्दाम टाकला होता. तुम्ही नीट वाचता की नाही ते बघायला."

आपानं माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही, तेव्हा सुरकुत्या नव्हत्याच म्हणा.

"अच्छा," ती म्हणाली. "तांदळात खडा ठेवल्यासारखं. चांगली रीत हाय. मंग दरवेळेस ठेवत जा, मीबी ठेवत जाईन."

अशी आमची रीत पडली. म्हणजे माझ्या एका थापेवर आमचं अर्धं आयुष्य उभं आहे. एकीनं काही नवं लिहिलं की त्यात जाणूनबुजून एक चूक ठेवायची आणि दुसरीला वाचायला द्यायचं. आधी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती कागद जात, मग फ्लॉपी, मग ईमेल. खडा असा हवा की प्रोग्राम चालवून तो दिसू नये, वाचूनच दिसावा. आणि तो फक्त ठेवणारीच्या डोक्यात असायचा, कुठे टिपून ठेवायची मनाई. दुसरीला खडा सापडला, की तिनं खरंच वाचलं. नाही सापडला, तर 'वाचलं' म्हणायचा तिला हक्क नाही, पुन्हा वाच. आणि खडा शोधता शोधता खरे किडेही, म्हणजे नकळत राहिलेल्या चुकाही, हाती लागत, तो सगळा फायदाच.

माझे किडे जरा जास्तच लागत. सुरुवातीची काही वर्षं आपानं कुठलीही चूक दाखवली की मी टाळी वाजवून म्हणायची, "सापडला! हाच माझा खडा!" मग ती पुढे आणखी एक दाखवायची. "हा?" "अगं, यावेळी दोन ठेवले होते." त्या वर्षांतल्या माझ्या प्रोग्रामांत तांदूळ किती होते देव जाणे. आपा नुसतं 'हो का' म्हणायची आणि बशीत चहा ओतायची.

आता या वेळचं. आमच्याकडे एका ट्रस्टचं छोटं डायलिसिस सेंटर आहे. कुणाला कुठल्या दिवशी, कुठल्या पाळीत, कुठल्या मशीनवर बसवायचं, ते माझा प्रोग्राम सांगतो. सेंटरला दोन नवी मशीन आली आणि दुपारनंतरची एक पाळी वाढली. येत्या सोमवारपासून सगळ्यांचे नंबर नव्यानं लागणार होते. तोच भाग मी नवीन लिहिला होता आणि आपाला धाडला होता.

तिथली सिस्टर मला आजी म्हणते. तिचाच फोन आपाच्या पाठोपाठ आला.

"आजी, सोमवारपासून नवं चालू ना? मी सगळ्याइले फोन करून राहिली. शेंदूरजनाघाटच्या काकू तर रडल्याच फोनवर."

"का? काय झालं?"

"खुशीनं वो. त्याइचा नंबर सकाळच्या पाळीत होता ना. अंधारातच निघा लागे, जावई मोटरसायकलनं वरूडपर्यंत सोडे, मंग तिथून गाडी. आता तुमच्या प्रोग्रामनं त्याइले दुपारची पाळी देल्ली."

मी बरं म्हणाले. फोन ठेवला. या कामात पतसंस्थेच्या हिशेबासारखं नसतं, की चुकलं तर उद्या दुरुस्त करू. नंबर चुकून दुसऱ्यालाच लागला, तर ती बाई एवढ्या लांबून येणार आणि तिच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं असणार. एक पाळी हुकली की अंगात पाणी साठतं, दम लागतो. आणि त्या प्रोग्रामात कुठेतरी मी माझ्या हातानं एक चूक ठेवली होती, अशी की चालवून दिसणार नाही. त्यात मी हुशार. खडा लपवावा तर मीच.

ज्यांना हे काम कळतं ते म्हणतील, आधीची प्रत काढ आणि ताडून बघ. आधीची प्रत नव्हती. खडा मी लिहिताना पेरते, नंतर नाही. नंतर ठेवलेला खडा उपरा दिसतो, आपाला लगेच वास येतो. हेही माझंच शहाणपण. संध्याकाळी मी चष्मा पुसून तो सगळा भाग वाचला. प्रत्येक ओळ ओळखीची, प्रत्येक ओळ निरागस. पुन्हा वाचला. मग पडद्यावरच्या ओळींवरून नजर नुसती घसरायला लागली आणि मला झोप यायला लागली. पूर्वी चूक सापडली नाही तर मला झोप येत नसे. आता उलटं झालंय.

पुण्याला नात याच कामात आहे. तिला फोन केला. खड्याचं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की बघ गं जरा.

"आजी, तू पाठव, मी आमच्या एआयला देते. एका मिनिटात रिव्ह्यू करून देईल."

खरंच एका मिनिटात आलं. आधी माझं कौतुक होतं, की रचना स्वच्छ आहे. मग लांबलचक सूचना, नावं मोठी ठेवा, इथे टीप लिहा, हा तुकडा वेगळा काढा. काही सूचना चांगल्या होत्या. पण यातला माझा खडा कुठला, की यातला नाहीच, ते मला सांगता येईना.

"तुमच्याकडे एकमेकांचं वाचतात कसं गं?" मी विचारलं.

"कोण वाचतंय, आजी? सगळे आपापल्या घरून काम करतो. यंत्रानं ठीक म्हटलं, की आम्हीपण ठीक म्हणतो. एकमेकांच्या कामाला, न वाचताच. तुझी ती अकोल्याची मैत्रीण अजून वाचते?"

"वाचते."

"सगळं?"

"सगळं."

ती म्हणाली, "बापरे." ते कौतुक होतं की कीव, मी विचारलं नाही. मला दमायला झालं होतं.

शुक्रवारी सकाळी लॅपटॉप पिशवीत घातला आणि अकोल्याची गाडी धरली. पहिल्या वेळी याच रस्त्यानं प्रिंटआउट मांडीवर घेऊन मी ताठ बसले होते. या वेळी मूर्तिजापूर येईस्तोवर तोंड उघडं टाकून झोपले. शेजारच्या बाईनं माझी पिशवी पायानं धरून ठेवली होती, बिचारीनं.

आपानं दार उघडलं. आता तिचे गुडघे गेलेत आणि एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. पेन्सिल अजून कानामागे असते.

"दूध उतू गेलं काय वो?" तिनं विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली. "आपा, खडा कुठे ठेवलाय ते मला आठवत नाही."

वाटलं, हसेल. ती हसली नाही. तिनं सुनेला चहा सांगितला आणि म्हणाली, "बस. मोठ्यानं वाचू."

दुपारभर वाचलं. पडदे ओढलेले, कुलरची घरघर, आणि त्याच्या वर आपाचा आवाज. ती एक ओळ वाचायची आणि तिचा अर्थ मला विचारायची, जसं काही आपण आजच ही विद्या शिकतोय. मी सांगायची. पुढची ओळ. मध्ये तिची नमाजची वेळ झाली, तेवढा वेळ मी भिंतीला टेकून पापण्या मिटल्या. चहा दोनदा झाला. माझी कंबर बोलायला लागली.

ऊन उतरायच्या सुमारास सुट्ट्यांचा भाग आला.

"सेंटरला सुट्टी आली तर त्या दिवशीचा नंबर एक दिवस अलीकडे घ्यायचा," आपानं अर्थ लावला. "बरोबर?"

"बरोबर."

"अन् सुट्टी सोमवारची असली तर?"

"तर रविवारी."

"रविवारी कोण उघडते तुमचं सेंटर?"

मी पडद्याकडे पाहिलं. रविवारी सेंटर बंद असतं. सोमवारच्या सगळ्यांना माझ्या प्रोग्रामनं कुलूप लावलेल्या दारात उभं केलं असतं.

"सापडला!" मी ओरडले, टाळीसुद्धा वाजवली. "आपा, हाच माझा खडा!"

आपानं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"नक्की?" ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. आणि माझी टाळी हवेतच राहिली. कारण हाच खडा असेल, तर काम संपलं. चहा प्या, घरी जा, सोमवारी चालू करा. पण ही माझी खरी चूक असेल, तर खडा अजून आतच आहे. दोन्हींतलं काय, हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते तिथे बसून मान खाजवत होतं. पूर्वीच्या बाईनं छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, हाच. तिला काय, तिनं कधी कुणाला डायलिसिसच्या खुर्चीवर पाहिलं नव्हतं.

"नाही सांगता येत," मी म्हणाले.

"मंग फेक."

"काय फेकू?"

"हा भाग. सगळा. नवा लिहू."

"अगं, महिना घातलाय मी त्यात! एक खडा आहे फक्त!"

"पातेल्यात खडा हाय हे माहीत हाय, कुठं हाय ते माहीत नाई. वाढशीन काय कोणाले?"

मी भांडले. म्हटलं आणखी एकदा वाचू, शेवटाकडून सुरुवातीकडे वाचू, नातीकडून पुन्हा तपासून घेऊ. आपानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कितीबी वाच. सापडला तरी तुले समजन काय, का तोच हाय?"

मी तो भाग निवडला आणि पुसला. एक कळ दाबली, बस. वाईट वाटेल असं वाटलं होतं. झालं एवढंच, की खांदे खाली आले आणि खूप भूक लागली.

सिस्टरला फोन करून सांगितलं, की रविवारी रात्रीपर्यंत मी हो म्हटलं तरच नवं चालू कर, नाहीतर जुनेच नंबर.

"मंग काकूले काय सांगू? पुन्हा अंधारात निघा म्हणू?"

"अजून काही सांगू नकोस. लिहितोय आम्ही."

शनिवार आणि रविवार आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींचं नुसतं वाचलं होतं, एका खोलीत बसून कधी लिहिलं नव्हतं. मी बोलायची, आपा दोन बोटांनी टाइप करायची. मग तिचा डोळा पाझरायला लागला की ती बोलायची, मी टाइप करायची. कुणीही 'थांब' म्हटलं की थांबायचं. फार थांबावं लागलं. आपा इतकं हळू लिहिते हे मला माहीत नव्हतं. मी लिहिताना सतत पुटपुटते हे तिला माहीत नव्हतं.

"कोणाशी बोलून राहिली वो?" तिनं शनिवारी विचारलं.

"माझ्याशीच."

"अन् ते उत्तर देते?"

"नेहमी हो म्हणते."

"म्हणूनच," आपा म्हणाली आणि पुढची ओळ वाचायला लागली.

रविवारी जेवणानंतर सुट्ट्यांचा भाग पुन्हा आला. या वेळी दार उघडं असलेला दिवस मिळेपर्यंत मागे जायचं, असं लिहिलं. लिहून झाल्यावर मी सवयीनं विचारलं, "आता यात खडा कुठे ठेवायचा?"

आपानं पेन्सिल कानामागून काढून टेबलावर ठेवली. "आता नको ठेवत जाऊ, बाई. आपल्या वयात ते ठेवा लागत नाई. आपोआप पडतेत."

"मग वाचलं की नाही, कळणार कसं?"

"असं. सोबत बसून. कधी तू ये, कधी मी येतो, गुडघे म्हणतीन तसं." मग पडद्याकडे पाहतच ती म्हणाली, "त्या तीस दिवसाच्या फेब्रुवारीपासून चाललं हे. लई झालं."

मी तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. आता भरपूर आहेत, तरी एकही नाही.

संध्याकाळी जुन्या नोंदी घालून चालवून पाहिलं. खोट्या सुट्ट्या घातल्या, सोमवारच्याही घातल्या. मग शेवटची एस.टी. पकडायच्या आधी सिस्टरला फोन केला. चालू कर.

सोमवारी मला घरी बसवेना. सकाळीच सेंटरवर जाऊन बाहेरच्या बाकावर बसले. सिस्टर माझ्या प्रोग्रामच्या यादीनं एकेकाला आत घेत होती. पहिली पाळी बसली. दुसरी बसली. दरवेळी दार उघडलं की मी मान वर करायची, कुणी 'माझी खुर्ची कुठं?' म्हणतंय का म्हणून. कुणी म्हणालं नाही.

दुपारी एक बाई आली, हातात डबा, खांद्यावर ओला रुमाल. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, पण सिस्टर आतून "या काकू, आज उजेडात आल्या!" म्हणाली आणि मला कळलं. आत जायच्या आधी ती माझ्या शेजारी टेकली, चपलेतला खडा झटकला, आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमचाबी नंबर हाय काय?"

"नाही हो. मी अशीच बसलेय."

"लई थकल्या दिसता. जेवल्या काय?"

मी उत्तर देईस्तोवर तिला हाक आली. ती उठून आत गेली. दार ढकललं तेव्हा दिसलं, खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती, तिच्यासाठीच. दार बंद झालं.

त्यानंतरचं मला आठवत नाही. सिस्टरनं खांदा हलवला तेव्हा ऊन बाकाच्या पलीकडे गेलं होतं.

"आजी, उठा. सगळ्याइचं झालं बरोबर. काकूबी गेल्या. तुमाले उठवू नको म्हणे."

रिक्षात बसल्यावर आपाला फोन लावला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"झोपले मी."

"बरं झालं," आपा म्हणाली. "मीबी आत्ताच उठली."